हौलदिलीचं कोंदण: एका दुरुस्तीच्या नोंदी

१४ जून २०२४

दुपारी एक आजी नातीला घेऊन आमच्या सोन्याच्या पेढीवर आल्या. पिशवीतून स्टीलचा डबा निघाला, डब्यातून कापूस, कापसातून एक चपटा दगड. पांढरा म्हणावा तर त्यात हिरवट झाक, ताकाच्या निवळीसारखी. आकार अंड्याचा, पण कडा सरळ नाही, छोट्या छोट्या कमानींची. दर्शनी बाजूला एक फूल: माणकाच्या नऊ पाकळ्या, सोन्याच्या रेघेचा देठ, पाचूची चार पानं. मागची बाजू कोरी आणि अंगावर घासून घासून साबणासारखी गुळगुळीत झालेली.

नऊपैकी एक पाकळी खोटी आहे. तिथे लाल काच आहे आणि तिच्याभोवती पिवळा पडलेला गोंद. वीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी दोन नळ्यांचा गोंद कालवून ती चिकटवून दिली होती. आजी म्हणाल्या, "तेवढं खरं बसवून दे गं. दिवाळीपर्यंत दिलंस तरी चालेल."

हे त्यांच्या माहेरचं, पैठणकडचं. निजामाच्या राज्यात होतं ते घर. दागिन्याला त्या नुसतं 'हौलदिली' म्हणतात.

लांबी ४.६ सेंमी, रुंदी ३.८ सेंमी, जाडी ५ मिमीच्या आसपास. वजन २१.८ ग्रॅम. चारी बाजूंनी फोटो काढून ठेवले. हात लावला नाही.

१७ जून

बाबांना दाखवलं. ते आता पेढीवर येत नाहीत, पण भिंग अजून त्यांच्या उशाशी असतं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "याला विस्तव चालायचा नाही."

"झाळ नाही, मग सोनं दगडात धरून काय ठेवतं, बाबा?"

"कोंदण. आपण आता कुठल्याही घराला कोंदण म्हणतो. हे खरं."

पेढीवर आम्ही जे करतो त्यात आधी सोन्याचं घर घडवतो, झाळून, म्हणजे विस्तवावर सांधून, पक्कं करतो आणि खडा शेवटी बसवतो. इथे उलटं आहे. दगड तापवला तर पांढुरका, मातकट होईल, तडकेल. म्हणजे सगळं काम थंड, हाताच्या दाबावर झालेलं. भिंगातून पाहिलं तर माणकाभोवतीच्या सोन्याला कुठे सांधा नाही. लोण्यात सुरी फिरवून सपाट करावं तसं ते खड्याच्या कडेवर आलंय आणि दगडाच्या पृष्ठभागाशी अगदी समपातळीत आहे. बोट फिरवलं तर सोनं कुठे सुरू झालं ते कळत नाही.

ठरवलं, आधी स्वतः एक नमुन्याची पाटी करायची. तोच दगड, तसंच फूल, तशीच जडाई. ते जमल्याशिवाय आजींच्या वस्तूला सुई लावायची नाही. म्हणून ही वही.

२३ जून

शब्दांपासून सुरुवात केली. फारसीत या दगडाला, म्हणजे जेडला, यशम किंवा यशब म्हणतात. 'हौल' म्हणजे भीती, धडकी. 'दिल' तर आपल्याला माहीतच आहे. छातीत धडधडतं त्यावर उतारा म्हणून यशबाचा तुकडा हृदयावर येईल असा घालायचा, म्हणून त्याचं नाव हौलदिली. आपण मराठीत माणूस 'हवालदिल झाला' म्हणतो तो हाच शब्द. आयुष्यभर वापरला आणि त्याच नावाचा दागिना असतो हे साठीकडे झुकल्यावर कळलं.

यशबाला औषधी मानण्याची समजूत मुघलांच्या कितीतरी आधीची आहे. अकराव्या शतकात अल्-बिरूनी या विद्वानाने रत्नांवर जे लिहिलं त्यात हा 'विजयाचा दगड' आहे: तुर्क लोक लढाईत जय मिळावा म्हणून तलवारीला, खोगिराला, कमरपट्ट्याला तो जडवत, आणि त्यांचं पाहून इतरांनीही अंगठ्या आणि सुऱ्यांच्या मुठी करून घेतल्या. विष ओळखतो, पोटदुखी थांबवतो अशीही त्याची ख्याती. मग पेला, खंजिराची मूठ, गळ्यातला ताईत हेच प्रकार जास्त का दिसतात, ते समजतं. जिथे जिवाला धोका, तिथे हा दगड.

२ जुलै

जयपूरहून मागवलेली पाटी आली. ६ सेंमी बाय ४.५ सेंमी, ६ मिमी जाड, सुंदर फिकी हिरवी. हातात घेताच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. खरा यशब हाताला गार लागतो, लगेच ऊब धरत नाही. ही पाटी धरली.

वजन हवेत ४१.९ ग्रॅम, पाण्यात बुडवून २५.७. फरक १६.२. भागाकार, म्हणजे पाण्याच्या मानाने दगडाची घनता, २.५९. यशब २.९५च्या आसपास यायला हवा. मागच्या बाजूला पोलादी सुई ओढली, पांढरा ओरखडा उठला. हा सर्पेंटाइन नावाचा मऊ दगड आहे. व्यापाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, सब इसी को जेड बोलते हैं।" बोलत असतील. परत पाठवली.

९ जुलै

दुसऱ्या ठिकाणाहून दुसरी पाटी. हवेत ४८.६, पाण्यात ३२.२, म्हणजे २.९६. सुई घसरून गेली. हाच.

जेड या एका नावाखाली दोन वेगळे दगड आहेत, नेफ्राइट आणि जेडाइट. ते वेगळे आहेत हे १८६३मध्ये दामूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने रासायनिक परीक्षेने दाखवलं. तैमुरी, उस्मानी (ऑटोमन तुर्की), मुघल दरबारांतलं काम नेफ्राइटमधलं. काठिण्य ६ ते ६.५, म्हणजे माणकापुढे काहीच नाही. पण आत बारीक तंतू एकमेकांत असे गुंतलेले असतात की घोंगडीसारखी ती वीण तुटता तुटत नाही. म्हणून याचा पेला कागदासारखा पातळ करता येतो. हा दगड सहजासहजी फुटत नाही, झिजवावा लागतो.

मुघलांकडे तो यायचा मध्य आशियातल्या खोतानहून. कुनलुन पर्वतातून उतरणाऱ्या दोन नद्या: युरुंगकाश म्हणजे पांढऱ्या यशबाची आणि काराकाश म्हणजे काळ्या यशबाची. बेंतु द गोइश हा पोर्तुगीज जेझुइट, म्हणजे ख्रिस्ती मिशनरी, १६०२मध्ये आग्र्याहून चीनच्या वाटेला लागला आणि यारकंद, खोतानकडून गेला. त्याच्या प्रवासाच्या वृत्तांतात आहे की चांगला यशब नदीतून, मोती काढावेत तसा बुड्या मारून काढतात, आणि दुसरा डोंगरातून, आधी विस्तवाने खडक कमकुवत करून. हा माणूस आधी पोर्तुगीज सैन्यात शिपाई होता आणि जेझुइट झाला तो गोव्यात. चीनच्या सीमेपर्यंत पोचला आणि १६०७मध्ये तिथेच वारला.

२१ जुलै

फूल पाटीवर उतरवलं. चिनी शाईने रेखाटन, वर लाखेचा पातळ हात, म्हणजे पाण्यात पुसलं जात नाही.

खोदाई सुरू. टांगत्या मोटरला हिऱ्याची बारीक टोकं लावून, वरून थेंब थेंब पाणी. तरीही देठाची एक ३ सेंमीची रेघ खोदायला दोन दिवस गेले. शाहजहानच्या कारखान्यात हे काम कमानीने फिरणाऱ्या सळईवर आणि चाकावर, कुरुंदाची पूड पाण्यात कालवून होत असे. दगड कापत नाही, पूड कापते. हत्यार फक्त तिला दाबून फिरवतं. मी मुद्दाम एका कोपऱ्यात तांब्याची सळई आणि कुरुंद घेऊन हाताने प्रयत्न केला. एका तासात जेमतेम नखाएवढी खूण. त्यानंतर मोटर लावताना लाज नाही वाटली, पण त्या कारागिरांबद्दलचा आदर फार वाढला.

एक गोष्ट इथे लिहून ठेवते, कारण आजींच्या हौलदिलीत भिंगाखाली तीच दिसली. खाचेच्या भिंती सरळ खाली जात नाहीत, तळाशी किंचित रुंद होतात. मडक्याचं तोंड अरुंद आणि पोट मोठं, तसं. सोनं आत दाबलं की ते तळाशी पसरतं आणि वर यायला वाट राहत नाही.

११ ऑगस्ट

हैदराबाद. सालारजंग संग्रहालय, जेडचं दालन. सकाळी दार उघडल्यापासून संध्याकाळपर्यंत तिथेच.

एवढ्या वस्तू एकत्र पाहिल्यावर डोळा तयार होतो. तासाभराने मी मजकुराच्या पाट्या वाचायच्या बंद केल्या आणि फक्त सोन्याच्या कडा पाहत फिरले. जहांगीरचा म्हणून ठेवलेला खंजीर, नूरजहाँची फळं कापायची सुरी: दोन्हीकडे गर्दी जमते आणि जमायलाच हवी. रेहलीपुढे, म्हणजे ग्रंथ ठेवायच्या घडवंचीपुढे, मी जास्त वेळ उभी राहिले. तिच्यावर शम्सुद्दीन अल्तमशचं नाव आहे आणि साल १२०९-१०चं सांगतात. अल्तमश दिल्लीच्या गादीवर आला १२११मध्ये. नुसत्या नावावरून वस्तूचं वय ठरवायला माझं मन धजत नाही.

खंजिराच्या मुठींपाशी खरा धडा मिळाला. काही मुठी कोऱ्या आहेत, फक्त कोरीव: वळलेली पानं, फुलाच्या कळ्या, एकही खडा नाही. काही मात्र माणिक-पाचूंनी भरलेल्या. दरबाराचा उत्तम काळ आणि पुढचा काळ यांत सरसकट रेघ ओढता येत नाही, पण कोऱ्या दगडावर विश्वास टाकणारे हात मला अधिक मोठे वाटतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात शाहजहानचा १६५७ सालचा मद्याचा पेला आहे, मी फोटोतच पाहिलाय: भोपळ्याच्या अर्ध्या फोडीसारखा, पायाशी कमळ, आणि निमुळतं होत गेलेलं टोक रानबकऱ्याच्या मानेत संपतं. त्यावर सोन्याचा कणही नाही. पुढच्याच वर्षी त्याचं राज्य गेलं.

तरी मी कोंदणवाली. खडे पाहायला गेले होते आणि खड्यांसाठीच परत जाईन.

१६ ऑगस्ट

दोन दिवस फोटो लावत बसले. एक फरक आता ठसठशीत दिसतो.

इस्तंबूलच्या तोपकापी महालातल्या उस्मानी वस्तू घ्या. यशबावर सोन्याच्या तारेची वेल ठोकून बसवलेली, आणि तिच्यावर जागोजागी माणकं, प्रत्येक माणिक आपल्या उंच घरात, घराची कड पाकळ्यांसारखी कातरलेली. खडे दगडावर उभे असतात, बोटाला टोचतात. माळावर तंबू ठोकावेत तसे. मुघल कामात खडा दगडात उतरतो. पाकळीच्या आकाराचं माणिक पाकळीच्या आकाराच्या खड्ड्यात जातं, सोनं फक्त सीमारेषा होतं आणि सगळं एका पातळीत येतं. तिथे खडा अलंकार आहे, इथे तो चित्रातला रंग आहे. मला दोन्ही आवडतात. पण उस्मानी काम माझ्या पेढीवरचा हुशार मुलगा वर्षभरात शिकेल. मुघल काम शिकायला त्याला कोंदण यावं लागेल.

तोपकापीतच इराणच्या शाह इस्माईलची यशबाची सुरई आहे. जवळजवळ काळा दगड, त्यावर सोन्याची बारीक वेल. १५१४मध्ये चालदिरानच्या लढाईत सुलतान सलीमने इस्माईलला हरवलं आणि तब्रिझची लूट इस्तंबूलला गेली. विजयाचा दगड हरलेल्याकडून जिंकलेल्याकडे.

या दगडाचं सगळ्यांना एवढं वेड का, याचं मूळ समरकंदला आहे. तैमूरच्या कबरीवरची शिळा गडद हिरव्या, काळपट यशबाची. त्याचा नातू उलुग बेग याने १४२५च्या मोहिमेतून ती आणली. १७४०मध्ये नादिरशाहने ती उचलून नेली, ती दुभंगली, मग परत पाठवली गेली. मुघल स्वतःला तैमूरचे वंशज म्हणवत. शाहजहानने तर तैमूरचा 'साहिबकिरान' हा किताब घेऊन स्वतःला 'साहिबकिरान सानी', म्हणजे दुसरा, म्हणवलं आणि यशबाच्या अंगठ्यांवर ते कोरून घेतलं. लिस्बनच्या गुलबेंकियन संग्रहालयात उलुग बेगच्या नावाचा पांढऱ्या यशबाचा तांब्या आहे. त्याच्या गळ्यावर उलुग बेगचं नाव, काठावर जहांगीरचं, १६१३ सालचं, आणि मुठीजवळ शाहजहानचं, १६४६च्या सुमाराचं. आपल्याकडे घराण्यातल्या भांड्यांवर नावं घालतात तसंच. आमच्या घरच्या घंगाळावर पणजोबांचं नाव आहे, त्याखाली आजोबांचं. जहांगीरने आपल्या आठवणींतही लिहून ठेवलंय की उलुग बेगच्या काळचा असा एक तांब्या नजराणा म्हणून आला आणि त्याच्या काठावर आपलं आणि वडिलांचं नाव कोरायला सांगितलं.

२९ ऑगस्ट

पहिली जडाई. फसली.

खाचेत लाख भरली, निखाऱ्यावर गरम केलेल्या सळईने बसवली, वर बेगड ठेवली, म्हणजे खड्याखाली घालायचा चकचकीत पातळ पत्रा. तिच्यावर माणिक. मग सोन्याच्या पट्ट्या कातरून खड्याभोवती पोलादी टोकाने दाबत गेले. दिसायला ठीक. रात्री परत पाहिलं तर पट्टीचे थर एकमेकांपासून सुटलेले, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. चिमट्याने ओढलं तर अख्खी कड निघून आली.

सोनं ९९५चं होतं, म्हणजे हजारात पाच भाग हीण. शिवाय पावसाळी हवा, बोटांना घाम, आणि मी पट्टी बोटांनीच उचलत होते.

१८ सप्टेंबर

काल विसर्जन झालं. दहा दिवस पेढी बंद होती, आज पुन्हा बसले.

मधल्या काळात 'आईन-ए-अकबरी'तला जडाईचा भाग पुन्हा वाचला. अबुल फजल म्हणतो की इतर देशांत खडे घरात बसवतात, हिंदुस्थानात मात्र कुंदनाने, म्हणजे शुद्ध सोन्याच्या पट्ट्या दाबून. आणि ते सोनं इतकं शुद्ध आणि मऊ करतात की इराणच्या परवेझ बादशहाच्या हाताने वळणाऱ्या सोन्याची दंतकथा खरी वाटावी. ही ओळ मी आधीही वाचली होती. तेव्हा ती दरबारी कौतुक वाटली होती. आता कळतं की तो कृती सांगतोय.

आपल्याकडे 'बावनकशी' म्हणतात ते कौतुक नाही, तीही अटच आहे. सोन्यात हिणाचा अंश राहिला तर ते कडक होतं, दाबलं तरी उसळून मागे येतं. पूर्ण शुद्ध सोनं गंजत नाही, त्याच्यावर कसलाही थर चढत नाही, म्हणून स्वच्छ सोन्यावर स्वच्छ सोनं दाबलं की दोन्ही एकजीव होतात. विस्तव नको, झाळ नको. मधे बोटाचा तेलकटपणा आला की मात्र संपलं.

२४ सप्टेंबर

जयपूरच्या एका उस्तादांशी फोनवर तासभर बोलले. नाव लिहू नको म्हणाले. पिढ्यान्‌पिढ्या कुंदनाची जडाई करणारं घर. मी काय चुकलं ते सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "बेटा, कुंदन को हाथ मत लगाना, उसको सिर्फ लोहा छूता है।"

मग हळूहळू बाकीचं सांगितलं. पट्टी लावण्याआधी दर वेळी तापवून मऊ करायची. एकदम रुंद नको, गवताच्या पात्याएवढी. खड्याच्या एका बाजूने सुरू करून समोरच्या बाजूला जायचं, गोल फिरत जायचं नाही, नाहीतर खडा सरकतो. टोक घासायचं नाही, उभं दाबायचं. थरावर थर चढवायचे आणि शेवटी छिन्नीने वरचं तासून अकीक दगडाच्या टोकाने ओपवायचं.

६ ऑक्टोबर

९९९चं सोनं घेतलं, स्वतः पुन्हा गाळलं, पत्रा केला. चिमट्याने उचललं, टोक स्पिरिटने पुसत राहिले.

सकाळी साडेनऊला पहिली पाकळी सुरू केली. पोलादी टोकाखाली सोनं आधी किंचित चरचरतं, मग एका क्षणी आवाज थांबतो आणि हाताला ओलसर मातीसारखं लागतं. त्याच क्षणी खालचा थर आणि वरचा थर एक झालेले असतात. हे कुठे लिहिलेलं मी वाचलं नव्हतं. डोळे मिटले तरी समजेल इतकं ते स्पष्ट आहे. माणकाच्या कडेवर सोनं अर्धा केस एवढं चढवलं, तासलं, ओपवलं. पाटी उलटी करून लाकडावर आपटली. काही हललं नाही.

बाबांच्या उशाशी नेऊन ठेवली. त्यांनी नखाने कड शोधायचा प्रयत्न केला, दोन-तीनदा. मग पाटी माझ्याकडे न देता आपल्याच हातात धरून पडून राहिले. मी पण मागितली नाही.

१३ ऑक्टोबर

पाटीवर चार पाकळ्या आणि दोन पानं झाली. पाचूचं पान बसवताना एक ठिसूळ निघाला, दाबाखाली चिरला. माणिक दाब सोसतं, पाचू सोसत नाही, म्हणून पाचूभोवती थर जास्त आणि दाब कमी.

या एका फुलात किती वाटा येऊन मिळतात ते काम करताना मनात येत राहतं. यशब खोतानचा. माणिक ब्रह्मदेशचं. आणि पाचू? सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेला चांगला पाचू बहुतेक दक्षिण अमेरिकेतला, आजच्या कोलंबियातल्या मुझो आणि चिवोरच्या खाणींतला. स्पेनच्या जहाजांतून युरोपात, तिथून पोर्तुगिजांच्या हाती गोव्याला आणि गोव्याहून मुघलांच्या, दख्खनच्या सुलतानांच्या खजिन्यात. मांडवीच्या काठावर उतरलेला हिरवा खडा खोतानच्या नदीतल्या दगडावर पान होऊन बसला.

तंबाखूची वाटही दख्खनमधूनच. असद बेग हा अकबराचा वकील १६०४च्या सुमारास विजापूरहून परतला तेव्हा तंबाखू घेऊन आला. पुढे यशबाचे, माणिक-पाचू जडवलेले हुक्केही झाले. विजापूरहून आलेल्या सवयीला मध्य आशियाचा दगड.

१७ ऑक्टोबर

आता आजींची हौलदिली.

आधी जुना गोंद. तो विरघळवायला काही वापरायचं तर खालची जुनी लाखही विरघळेल, आणि ती लाख मला हवी आहे. म्हणून फक्त सुई आणि भिंग. तीन संध्याकाळी लागल्या. गोंद नखाच्या तुकड्यांसारखा उडत होता. काच निघाली तेव्हा खाली जे दिसलं त्याने मला रडू आलं: गोंदाआधी कुणीतरी खड्ड्यात टोकदार हत्यार घालून जुनं कोंदण उचकटलं होतं, गोंदाला पकड मिळावी म्हणून. अर्धी कड गेली आहे. दगडावरही दोन ओरखडे आहेत. काही वाईट करावं म्हणून नव्हे, घाईत केलं असेल. पण ज्या हाताने ही कड मूळ घडवली त्याचे दिवसच्या दिवस तिथे गेले होते.

उरलेली अर्धी कड मात्र अजून जागेवर आहे. ती ठेवायची. नवं सोनं तिच्याशी जोडायचं. शुद्ध सोनं शुद्ध सोन्याला दोनशे वर्षांनीही धरतं का ते पाहायचं.

वयाबद्दल: फूल फार भरगच्च आहे, देठाची रेघ जाड, पाकळ्यांत हवा खेळत नाही. शाहजहानच्या काळातल्या फुलाला एक वळण असतं, वाऱ्याने मान हलवल्यासारखं. ते इथे नाही. माझ्या मते अठराव्या शतकाच्या अखेरीचं किंवा त्यानंतरचं, दख्खनमधलं. आजींना हे सांगायचं, पण त्यांनी विचारलं तरच.

२० ऑक्टोबर

माणिक मिळालं, आपल्याच घरात. बाबांच्या डबीत मोडीच्या दागिन्यांतून निघालेले जुने खडे आहेत, त्यात एक चपट्या बुडाचं, किंचित जांभळ्याकडे झुकणारं. पाकळीचा खड्डा ३.५ मिमी बाय २.८. खडा थोडा मोठा होता, कडेने झिजवून बसता केला. बाकीच्या आठांच्या रंगाशी तंतोतंत नाही जुळत. जुळवायला त्याखाली रंगीत बेगड घालता आली असती. साधीच घातली.

ब्रिटिश म्युझियममध्ये उलुग बेगच्या नावाचा एक हिरव्या यशबाचा पेला आहे, मुठीला ड्रॅगन. त्याचा काठ कधीतरी उडाला होता, आणि पुढे तुर्कांच्या मुलखात कुणीतरी तिथे चांदी बसवली. चांदी लपवलेली नाही. उलट तिच्यावर तुर्कीत कोरलंय की ईश्वराच्या कृपेला अंत नाही. गेले काही दिवस हा पेला डोळ्यांपुढे आहे. दुरुस्ती कशी असावी याचं माझ्यासाठी हे उत्तर आहे, म्हणून बेगड साधीच.

२३ ऑक्टोबर

बसवलं. सकाळी, हवा कोरडी असताना. जुन्या कडेवर आधी स्पिरिटचा बोळा, मग नवी पट्टी. पहिल्या दाबाला चरचर, दुसऱ्यालाही, तिसऱ्याला आवाज थांबला. धरलं.

नंतरचे दोन तास सोपे गेले. ओपवल्यावर जुनं आणि नवं सोनं कुठे भेटतं ते मला माहीत आहे म्हणूनच दिसतं. दगडावरचे ओरखडे तसेच ठेवले. ते घालवायचे तर पृष्ठभाग झिजवावा लागेल, आणि तो आजींच्या आजीच्या अंगावर गुळगुळीत झालेला आहे.

वजन २१.७ ग्रॅम. गोंद आणि काच गेली, सोनं आणि माणिक आलं.

एका चिठ्ठीवर लिहून डबीत ठेवलं: वरून उजवीकडे मोजत तिसरी पाकळी २०२४मध्ये बदलली, कोंदण अर्धं मूळचं, अर्धं नवं, खाली लाख आहे.

२६ ऑक्टोबर

आजी घेऊन गेल्या. नात सोबत होतीच. भिंगातून आधी तिने पाहिलं, मग तिने आजींना धरून दाखवलं. "कुठली गं नवी?" आजींनी विचारलं. मी दाखवली. त्यांनी बोटाने चाचपलं आणि मान हलवली.

वय त्यांनी विचारलं नाही. रेशमी गोफ ओवून तिथल्या तिथे गळ्यात घातली, पदराखाली सरकवली, वर हात ठेवून जरा वेळ बसल्या. मग विचारलं, "अंघोळीला काढायची का?"

"काढायची, आजी. गार पाण्याने काही होत नाही, पण कढत पाण्याने लाख मऊ होते."

"माझी आई काढायची नाही," त्या म्हणाल्या. नातीने डबी आणि चिठ्ठी पिशवीत घातली.

पाटीवरच्या पाच पाकळ्या आणि दोन पानं अजून व्हायची आहेत. पाचू कमी पडतायत. दिवाळीनंतर.